भातसानगरची घार

"पोरीच्या लग्नाला फोटोवाला ठरवलाय रे," मामा फोनवर म्हणाले, "पण तो मंडपातलं काढणार. मागच्या दारातलं, चुलीपाशीचं, घाण्याचं तू काढ. शूटिंगपण कर. तुझ्याकडे ते बिनआरशाचं काहीतरी आहे ना?"

बिनआरशाचं काहीतरी माझ्याकडे होतं. एक नव्हे, दोन. आज ज्याला मिररलेस म्हणतात त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे पॅनासॉनिकचा २००८ सालचा जी१. त्यात व्हिडिओ येतच नव्हता. पुढच्या वर्षी जीएच१ आला, त्यात व्हिडिओ आला, आणि फोटोवाला वेगळा, शूटिंगवाला वेगळा ही पिढ्यान् पिढ्यांची सोय मोडली. तेव्हापासून लग्नघरी एकाच माणसाला दोघांचे टोमणे खावे लागतात.

माझ्या दोघांपैकी एक २०१० सालचा आणि एक २०१४चा. दोन्ही बोराबाजारातून आणलेले, जुनेच. दोन्ही वेळा दुकानदाराने सांगितलं होतं, "डॉक्टरांचा आहे साहेब, फक्त रविवारी वापरलाय." खोकं नाही, बिल नाही, गळ्यातला पट्टा तिसऱ्याच कंपनीचा. माझ्या या दोघांच्या कंपन्या कोणत्या ते सांगत नाही. म्हाताऱ्यांची दुखणी घराण्याचं नाव घेऊन चारचौघांत सांगू नयेत. घरात थोरल्याला आम्ही आबा म्हणतो आणि धाकट्याला बाळू. बारा-चौदा वर्षांचं पोर माणसांत सातवी-आठवीला असतं. कॅमेऱ्यांत ते पेन्शनीत निघालेलं असतं.

ठाण्याला कसारा लोकल पकडली. कसाऱ्यापुढे थळ घाट. तिथे लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. माझ्या बॅगेत तशी सहा इंजिनं होती. बॅटऱ्या. मिररलेसमध्ये डोळा लावून बघायच्या खिडकीत काच नसते, एक चिमुकला टीव्ही असतो. आपण नुसतं "काय काढावं बरं?" असा विचार करत असलो तरी तो चालूच असतो. कागदावर एका बॅटरीत तीनशेच्या आसपास फोटो निघतात. विचार करणाऱ्या माणसाचे दीडशे.

शेजारच्या काकांनी बॅगेत डोकावून विचारलं, "आरसा नाही म्हणजे?"

म्हटलं, जुन्या कॅमेऱ्यात भिंगामागे तिरका आरसा असतो. फोटो काढताना तो टपकन वर उचलला जातो, म्हणून तो आवाज येतो. यात तो काढूनच टाकलाय. म्हणून कॅमेरा लहान, हलका.

"मग किंमत कमी असेल."

"सुरुवातीला जास्त होती."

"वस्तू काढून घेतली आणि पैसे वाढवले?" काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर खडवली आली होती. टॉवेल खांद्यावर टाकलेली पोरं भातसाच्या पाण्यात डुंबायला उतरत होती. त्यांना काकांएवढे प्रश्न नव्हते.

आसनगावला उतरलो आणि समोर माहुली. या गडाच्या अंगाला जे सुळके आहेत त्यांना नवरा, नवरी आणि भटजी म्हणतात. जुन्या कॅमेऱ्याला याहून चांगलं गिऱ्हाईक सापडायचं नाही. नवरा डोळे मिटत नाही, नवरी "थांबा, पदर नीट करू दे" म्हणत नाही आणि भटजींना पुढच्या लग्नाची घाई नाही. शहापूरहून भातसानगरच्या बाजूला जाणाऱ्या रिक्षात बसलो तरी गड मधूनमधून दिसत होता. मला तो जवळून हवा होता. लांबचं भिंग दुसऱ्या खणात होतं. मी चालत्या रिक्षात, मे महिन्यात, पुढे खडीचा डंपर असताना, बाळूचं भिंग काढलं.

आरशाचं महत्त्व त्या क्षणी कळलं. आरसावाल्या कॅमेऱ्यात भिंग काढलं तरी आत आरसा आडवा असतो, त्यामागे पडदा, त्यामागे सेन्सर. चांगला तीन खणी वाडा. बाळूचं दार उघडलं की थेट देवघर. डंपरने आपल्या वाट्याचा प्रसाद आत टाकला. मी फुंकर मारली. ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला अर्ध्या मांडीवर बसलेला गृहस्थ मान वळवून म्हणाला, "जोरात मारा." मी जोरात मारली. सेन्सरवर फुंकर मारू नये हे मी आजवर किमान दहा जणांना बजावलेलं आहे.

मामांच्या दारात पोचलो तेव्हा टँकर आला होता. हंडे, कळश्या, ड्रम, लग्नघरची दोन मोठी पातेली, सगळी रांगेत. मी घामाघूम होऊन ओट्यावर टेकलो आणि मुलुंडच्या घरून भरून आणलेली बाटली काढून तोंडाला लावली. मामा बघत राहिले.

"कुठलं पाणी ते?"

"घरचं. नळाचं."

"म्हणजे आमचंच."

खरंच होतं. मुंबईच्या पाण्यात जवळजवळ निम्मा वाटा भातसाचा. धरणातून सोडलेलं पाणी नदीनेच पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध होतं, मग नळातून मुंबईत. तेवढा प्रवास करून ते माझ्या बाटलीत आलं होतं, आणि मी ते लोकल आणि दोन रिक्षा करून, धरणापासून हाकेच्या अंतरावर, टँकरच्या रांगेसमोर बसून पीत होतो. मामींनी बाटली हातातून घेतली, उरलेलं तुळशीत ओतलं. "माहेरी आलं बिचारं," म्हणाल्या.

संध्याकाळी ऊन कललं तसे मामा धरण दाखवायला घेऊन गेले. मामांची सगळी नोकरी प्रकल्पावर गेली. धरण १९८३ साली पुरं झालं, पण त्यांच्या बोलण्यात ते अजून चालूच असतं. "८८.५ मीटर उंची, ९५९ मीटर लांबी, पायथ्याशी १५ मेगावॉटची वीज," हे ते घरच्या मुलाचे मार्क सांगावेत तसं सांगतात. आणि निवृत्त झाल्यापासून शिस्तीला जास्तच कडक झालेत.

"भिंत फोटोत येता कामा नये," ते म्हणाले. "परवानगी लागते."

"मग काय काढू?"

"पाणी काढ."

पाणी मेमध्ये जिथे असतं तिथे, म्हणजे खोल खाली होतं. वरती सुकलेल्या चिखलाचे पट्टे, एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. खरं तर दृश्य फार सुंदर होतं, पण ते मामांना सांगण्यात अर्थ नव्हता. उतरलेलं पाणी सुंदर दिसतं असं त्यांच्यासमोर म्हणणं म्हणजे पेशंटच्या बायकोला "साहेब बारीक होऊन छान दिसताहेत" म्हणण्यासारखं. मामा-मामींना कडेला उभं केलं, मागे जलाशय, डोंगर. जवळचं-लांबचं सगळं रेखीव यावं म्हणून भिंगाचं तोंड बारीक केलं, एफ १६. मामा माझ्या मागे येऊन पडद्यावर भिंत नाही ना ते तपासून गेले आणि परत जागेवर उभे राहिले. असं तीनदा झालं. तिन्ही फोटो उत्तम आले.

"अगंबाई, घार!" मामी पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या.

मामांच्या टोपीच्या बरोबर वर, आकाशात, एक काळपट ठिपका. दुसऱ्या फोटोतही घार. तिसऱ्यातही, टोपीच्या त्याच कोनावर. मामेभाऊ वाकून बघत होता. "दादा, ही घार एका जागीच उभी कशी?"

"वारा समोरून असला की राहते," मामा म्हणाले. त्यांची तीस वर्षं इथल्या वाऱ्यात गेली होती, त्यामुळे मी वाद घातला नाही. ती घार शहापूरच्या रस्त्यावर बाळूच्या पोटात शिरलेली होती. भिंगाचं तोंड मोठं उघडलं की ती विरघळते, बारीक केलं की परत येते. घारीसारखीच.

दुसऱ्या दिवशी हळद. सकाळी मागच्या अंगणात घाणा. मुसळांना आंब्याचे टाळे बांधलेले, हळकुंडं, सुपं, आणि पाच सवाष्णींना सूर लावून द्यायला पाड्यावरच्या एक आजी. या आजींची गाणी कुठे लिहिलेली नाहीत आणि दर लग्नात त्यांत नवी माणसं भरली जातात; मामांच्या बदलीचंही एक कडवं आहे म्हणतात. मी याचसाठी आलो होतो. बाळूला तिपाईवर चढवलं. त्याला माइक लावायला भोकच नाही, म्हणून आवाजासाठी मोबाइल सुपात, तांदळाच्या शेजारी. आबाला माइकचं भोक आहे, पण ते अडीच मिलिमीटरचं आणि जगातल्या साऱ्या माइकांची पिन साडेतीनची, म्हणजे पत्रिका जुळते पण गोत्र आडवं येतं. तो खुर्चीत बसून होता.

आजींनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. गणपती झाला, कुळदैवत झालं, मांडवाच्या मेढी झाल्या, आंब्याचं झाड झालं. नवरीच्या चुलत्यांपर्यंत गाणं आलं, आता आपलं नाव येणार म्हणून मामा दारात येऊन उभे राहिले, आणि बाळूचा लाल दिवा विझला.

आजींनी एक डोळा उघडला. "दमला वाटतं तुझा. पाणी दाखव त्याला."

दमला नव्हता. एकोणतीस मिनिटं झाली होती. युरोपात एके काळी सलग अर्धा तास किंवा त्याहून जास्त चित्रण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेऱ्यांत धरलं जाई आणि त्याला आयात शुल्क जास्त पडे. ते वाचवायला कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यांना तिसाव्या मिनिटाच्या आत आपणहून थांबायची सवय लावली. युरोपच्या बंदरावर वाचवलेल्या पैशांपायी आमच्या मागच्या अंगणात मामा कापले गेले.

"म्हणजे जकात," मामा म्हणाले. "आपल्याकडची उठवली ना?"

"आपली उठली. त्यांची यात राहिलीय."

आजींना जकातीशी कर्तव्य नव्हतं. "मग पयल्यापासनं म्हणू?" आणि पहिल्यापासून म्हणाल्या, कारण हे गाणं मध्येच उचलता येत नाही, कुणी तरी देव वगळला जातो. या वेळी मी शहाणपणा करून विसाव्या मिनिटाला श्वासाच्या फटीत बटण दाबायला पुढे झालो. मला हलताना पाहून आजी थांबल्या. "झालं?" "नाही आजी, चालू द्या." "मग पयल्यापासनं?" मामा शेवटी तिसऱ्या खेपेला आले. तोवर घाण्यातल्या हळकुंडांची अगदी वस्त्रगाळ पूड झाली होती.

संध्याकाळी मांडवात बेंजो पार्टी आली, तसा आबाला बाहेर काढला. आबाच्या जमान्याची शान सांगायला हवी. त्याच्या पिढीतल्या पॅनासॉनिकच्या जीएच२ला २०१२ साली अमेरिकेत मोठमोठ्या सिनेकॅमेऱ्यांच्या पंगतीत, नावं झाकून, पडद्यावर उतरवलं होतं आणि फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या डोळ्यांत तोच भरला होता. कपोलाने बेंजो पार्टी पाहिलेली नव्हती. इथे आबाचा फोकस नवरीपासून निघे, करवलीपाशी जाई, ढोलकीवाल्याला भेटे, मांडवाच्या झालरीपर्यंत जाऊन परत येई, तोवर नवरीच्या गालावरची हळद पुसून तिसऱ्या मावशीची लागलेली असे. अंधार वाढला तसा आयएसओ वाढवला; सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मुंग्या चढल्या. एलईडीच्या माळा लागल्या तेव्हा नवरीच्या अंगावर आडवे पट्टे आले. शटर एक-पन्नासांशावर आणलं, पट्टे गेले, पण नाचणारे सगळे धूर झाले.

"फोटो काढतोयस का शूटिंग?" मामेभाऊ ओरडला. "सांग म्हणजे हसायचं का नाचायचं ते कळेल!"

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की फोटो आणि सिनेमा वेगळे नाहीतच. इथून घाट चढून पुढे गेलं की त्र्यंबकेश्वर. तिथले दादासाहेब फाळके. त्यांनी १९१२ साली वाटाणा कुंडीत पेरून, लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्याने महिनाभर थोड्या थोड्या चौकटी टिपत त्याचा वेल मिनिटभरात वाढवून दाखवला होता. एकेक फोटोच. त्याचाच सिनेमा.

"मग हळद उतरायला महिना," तो म्हणाला आणि नाचायला गेला.

बॅटरी बदलून वळलो तर आबा खुर्चीत नाही. आबाचा मागचा पडदा दाराच्या फळीसारखा उघडतो आणि उलटा फिरून समोर बघतो. करवल्यांना हे कसं कळलं देव जाणे. मागच्या खोलीत पाच जणी त्याच्यासमोर ओळीने बसल्या होत्या. एक टिकली लावत होती, एक गजरा, एकीने आबाला दोन्ही हातांनी गालांपाशी धरला होता. ज्याच्या नावातच आरसा नाही, त्याच्यापुढे पाच वेण्या घातल्या गेल्या आणि दोन बॅटऱ्या संपल्या. उरलेल्या चार्जिंगला लावाव्यात तर सॉकेटवर बेंजोचा अँप्लिफायर. बाळूला वायरने थेट जोडता येतं, पण तो बंद असेल तरच चार्ज होतो. झोपल्याशिवाय जेवत नाही.

लग्नाविषयी सांगण्यासारखं फार नाही. मुहूर्त दुपारचा. ठरवलेल्या फोटोवाल्याकडे नवा कॅमेरा, हातात डुलणारा दांडा आणि मांडवावर घोंघावणारा ड्रोन होता. तो मला "काका, जरा बाजूला" इतकंच म्हणाला, पण पुष्कळदा म्हणाला. शेवटच्या मंगलाष्टकाला बाळूच्या पडद्यावर थर्मामीटरचं चित्र आलं आणि तो उन्हाने मिटला. मी त्याला पन्ह्याच्या बर्फाशेजारी ठेवून पंगतीला बसलो.

घरी येऊन आठवडाभर बसलो. आजींचं गाणं तिन्ही खेपांमधून जोडून सलग केलं, मामा आहेत. मामा-मामींच्या जलाशयाच्या फोटोतला ठिपका पुसून काढला. संगणकात दोन सेकंदांचं काम आहे. आकाश निर्मळ झालं, मोठ्या आकारात छापून कुरिअरने पाठवला.

पावसाळ्यात मामींचा फोन आला. फोटोवाल्याचा अल्बम दिवाळीनंतर मिळणार होता, म्हणून सध्या सगळी व्याही मंडळी माझेच फोटो बघत होती. पाऊस बरा होता. धरण भरत आलं होतं.

"तेवढी घार कुठे गेली रे? मामा सगळ्यांना सांगून बसलेत ना, आमच्या फोटोत घार आहे म्हणून. आता माणसं येतात आणि शोधतात."

मी नवीन प्रत काढायला बसलो. ठिपका होता तिथे, टोपीच्या त्याच कोनावर परत लावला. या खेपेला जरा पंख काढून.