'लार्ज'चा मोह सोडा

गेल्या रविवारी शेजारच्या काकांकडे 'सैराट' बघायला बसलो. नवाकोरा अ‍ॅम्प्लिफायर, पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर, टीव्हीखाली सेंटर, मागे दोन छोटे आणि कोपऱ्यात सबवूफर. या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. काकांच्या हॉलमध्ये त्यातला खर्ज नावालाही उरला नव्हता. काकांनी रिमोटवर आवाज वाढवला, तसा डावा स्पीकर फडफडायला लागला. सबवूफर गप्प.

मी मेनू उघडला. पाचही स्पीकरांपुढे एकच शब्द : 'लार्ज'. बसवून देणारा माणूस तसंच ठेवून गेला होता. मी 'स्मॉल' करायला लागलो तर काकांनी हात धरला. "अरे, एवढे पैसे मोजलेत, स्मॉल कशाला?"

सगळा घोळ इथेच आहे. हा शब्द स्पीकरच्या आकाराबद्दल नाही आणि किमतीबद्दल तर मुळीच नाही. 'लार्ज' म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला दिलेला हुकूम, की सगळा खर्ज याच स्पीकरकडे पाठव, तो एकटा पेलेल. 'स्मॉल' म्हणजे एका ठरावीक आकड्याखालचा खर्ज सबवूफरकडे वळव. तो आकडा म्हणजे क्रॉसओव्हर. पाचही ठिकाणी 'लार्ज' ठेवून सबवूफर विकत घेणं म्हणजे स्वयंपाकी ठेवून स्वतःच चुलीपुढे बसणं.

स्पीकरच्या शंकूचं गणित निर्दयी आहे. तेवढ्याच मोठ्याने वाजवायचं आणि कंपनसंख्या निम्मी करायची, तर शंकूला चौपट पुढेमागे हलावं लागतं. 80 हर्ट्झला निवांत वाजणारा पाच इंची शंकू 40 हर्ट्झला धापा टाकतो. त्यात बुकशेल्फ स्पीकरमध्ये माणसांचे संवादही बरेचसे तोच शंकू उचलतो. खर्ज ओढता ओढता संवाद गढूळ होतात. आपण म्हणतो, "हल्ली सिनेमात बोललेलं कळतच नाही." बऱ्याच घरांत तो दोष सिनेमाचा नसतो.

सुरुवात 80 हर्ट्झपासून करा. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा धरला, त्याला कारण आहे. साधारण या आकड्याखाली आवाज कुठून येतोय हे कानाला सांगता येत नाही. 80 हर्ट्झची एक लहर सव्वाचार मीटरहून लांब, म्हणजे आपल्या फ्लॅटमधल्या हॉलच्या रुंदीएवढी. त्यामुळे कोपऱ्यातला सबवूफर कानाला सापडत नाही, खर्ज पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. हाच आकडा 150-200 वर नेलात की पुरुषांच्या आवाजाचा पाया सबवूफरकडे जातो, कारण तो साधारण 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो. मग नायक पडद्याच्या मधोमध उभा आणि त्याचा घसा कोपऱ्यातल्या खोक्यात! मुठीएवढे स्पीकर असतील तर 120 किंवा त्याच्याही वर जावंच लागतं. तेव्हा सबवूफर सोफ्यामागे ढकलू नका, पुढे टीव्हीजवळच राहू द्या.

स्पीकरच्या माहितीपत्रकात तो किती खाली जातो हे दिलेलं असतं. त्याच्या वर दहा-वीस हर्ट्झ ठेवा. 60 पर्यंत जाणाऱ्याला 80 बरोबर.

"पण माइक लावून ऑटो सेटिंग केलंय की!" चांगलं केलंत. अंतर आणि आवाजाची पातळी तो माइक नेटकी मोजतो, फक्त पंखा बंद हवा आणि माइक सोफ्याच्या पाठीवर न टेकवता कानाच्या उंचीवर हवा. पण भिंतीला चिकटलेल्या स्पीकरला भिंतीमुळे खर्जाची मदत मिळते. तेवढ्यावरून हे यंत्र त्याला खुशाल 'लार्ज' ठरवतं. ते बदला. यंत्राने दिलेला क्रॉसओव्हर वर नेला तरी चालतो, खाली आणू नका.

मेनूत एलएफईपुढे दिसणारा 120 हा आकडा वेगळा, 5.1 मधल्या 'पॉइंट वन'चा, म्हणजे फक्त खर्जासाठी राखलेल्या वाहिनीचा. त्याला हात लावायचं कारण नाही. सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवा, किंवा एलएफई असं लिहिलेलं सॉकेट असेल तर त्यात वायर लावा. नाहीतर एकाच खर्जाला दोन चाळण्या लागतात आणि मधला तुकडा गायब होतो. काकांकडे हे बटण 50 वर होतं.

पाचही स्पीकर 'स्मॉल', सगळीकडे 80, मागचं बटण शेवटपर्यंत. सबवूफरचा आवाज एका काट्यानेही वाढवला नाही. 'याड लागलं' पुन्हा लावलं. रिमोटवरचा आवाज मघापेक्षा कमी होता, तरी हॉल भरला. डावा स्पीकर फडफडला नाही. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या आणि गाणं संपेपर्यंत हलल्या नाहीत.

लाखभराचा संच बसवून देणाऱ्यांनो, वायरी जोडल्यावर मेनूत पाच मिनिटं घाला. आणि घरमालकांनो, ते विसरले असतील तर आज रात्री रिमोट तुम्हीच हातात घ्या. मेनूत 'स्पीकर्स' शोधा आणि पाचही ठिकाणी 'स्मॉल' करा.