लेट मार्क

३२ वर्षं मी डोंबिवलीहून आठ-तेराची लोकल पकडली. आठ-तेराला जो जिन्यावरच असेल तो आमच्या ग्रुपच्या लेखी संपलेला माणूस. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी गॅलरीत चहा घेऊन उभा होतो, लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला, आणि त्या मिनिटाचं आता करायचं काय हेच कळेना. अशा अवस्थेत लोक सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मी क्रोनोग्राफ बनवून घ्यायला निघालो.

क्रोनोग्राफ म्हणजे मनगटी घड्याळाच्या पोटातलं स्टॉपवॉच. ग्रीकमध्ये शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’, आणि १८२१ साली पॅरिसमधल्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेकच्या यंत्राने तो खरोखरच लिहिला होता. घोडा पोचला की तबकडीवर शाईचा ठिपका. म्हणजे मुळात हे लेट मार्कचंच यंत्र! आमचे हेडक्लार्क हाच उद्योग मस्टरवर लाल पेनाने करत. फरक एवढाच की घोड्यांचा पगार कापला जात नसे.

मला हवं होतं ते १९४०-५०च्या थाटाचं: सायीच्या रंगाची डायल, निळे काटे, फुगीर काच आणि रोज किल्ली द्यावी लागेल असं मशीन. अस्सल जुनं घ्यायची ऐपत नव्हती. पॉल न्यूमन या हॉलिवूडच्या नटाचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. बायकोने भेट दिलेलं, मागच्या झाकणावर ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचं कोरून. ही हकिगत मी घरी मोठ्या आशेने सांगितली.

“मीही देते कोरून,” ही म्हणाली. “कोथिंबीर विसरू नका.”

स्वस्तातल्या जुन्या मालात आपल्या मुंबईचं नाव जगभर आहे. थकलेल्या मशीनवर नव्याने रंगवलेली भडक डायल चढवायची, हाताला लागतील ते काटे ठोकायचे. अशा घड्याळाला परदेशातले शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. बटाटेवड्यानंतर आपण जगाला दिलेली ही दुसरी गोष्ट असावी.

तेव्हा नवंच, पण जुन्यासारखं. मशीन, केस, डायल, काटे वेगवेगळे मागवून हवं तसं घड्याळ जुळवता येतं. माझं मशीन आलं चीनहून, सीगल एसटी-१९. खानदान मात्र स्विस. व्हीनस कंपनीच्या १७५ नंबरच्या मशीनची यंत्रसामग्री चीनने विकत घेतली आणि १९६१ साली तिआनजिनच्या कारखान्याला हवाई दलाच्या वैमानिकांसाठी क्रोनोग्राफ बनवायचा हुकूम सुटला. सैन्यातून निवृत्त झालेल्या आमच्या मामांना मी हे कौतुकाने सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “बासष्टला बोमदिलापर्यंत आले होते. आता मनगटापर्यंत आले.”

जुळवायचं काम स्टेशनजवळ जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजींकडे. दुकान एवढं की गिऱ्हाईक आत शिरलं तर घड्याळजींना बाहेर यावं लागतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने मशीन उचललं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग “या साहेब, बघा” म्हणत भिंग माझ्या डोळ्यात बसवलं.

आत एक चिमुकलं चाक होतं. त्यावर उभे खांब, सभामंडपाला असतात तसे. हे कॉलम व्हील. त्यांनी वरचं बटण दाबलं. चाक एक घर सरकलं, एका तरफेचं नाक दोन खांबांमधल्या फटीत पडलं आणि एक अखंड फिरणारं चाक जरासं कलून शेजारच्या स्वस्थ बसलेल्या चाकाला जाऊन टेकलं. चौथ्या सीटवर टेकतात, अगदी तसं. फक्त इथे शेजाऱ्याने कपाळाला आठी न घालता फिरायला सुरुवात केली. पुन्हा बटण दाबलं, नाक खांबावर चढलं, चाकं विलग झाली.

“आणि हे काळीज,” घड्याळजी म्हणाले.

काळीजच होतं! बदामाच्या आकाराची पोलादी चकती. १८४४ मध्ये अडॉल्फ निकोलने तिचं पेटंट घेतलं. खालचं बटण दाबलं की तिच्यावर हातोडी पडते. बदाम कुठल्याही कोनात असो, तो हातोडीखाली घसरत खाचेपर्यंत येतो आणि काटा शून्यावर.

“कुठेही भटकत असू दे साहेब, हातोडी बसली की घरी.” घड्याळजींचंही लग्न झालेलं आहे.

काटा बसवताना तो तीनदा शून्याच्या केसभर पुढे उभा राहिला. चौथ्यांदा नीट बसला, तर अर्ध्या मोहरीएवढा एक स्क्रू उडाला. साठी-सत्तरीची दोन माणसं जिन्याखाली गुडघ्यांवर रांगत असताना वरून अख्खी कर्जत लोकल उतरून गेली. स्क्रू घड्याळजींच्या चहाच्या बशीत सापडला.

घड्याळ सुरू झालं. सेकंदाला सहा ठोके, तासाला २१,६००.

“पण मोजणार काय, बाबा?” मुलाने विचारलं. मी त्याला अपोलो १३ ऐकवलं. १९७० साली संकटात सापडलेलं यान परतीच्या वाटेवर नीट ठेवायला इंजिन नेमकं १४ सेकंद चालवायचं होतं, आणि ते सेकंद यानातल्या स्विगर्ट या अंतराळवीराने मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टरवर मोजले. “भारीच,” तो म्हणाला. “पण तुम्ही कुठून परत येणार आहात?”

डायलच्या कडेला टॅकिमीटरची पट्टी आहे. एक किलोमीटर जायला लागलेले सेकंद मोजायचे, काटा ताशी वेग दाखवतो. पट्टी एका फेरीची, साठ सेकंदांना ताशी साठवर ती संपते. कल्याण-शीळ रस्त्यावर रिक्षातून जाताना मी एका पेट्रोल पंपापाशी बटण दाबलं. पुढच्या किलोमीटरच्या आत लांब काट्याच्या अकरा फेऱ्या झाल्या. रिक्षावाला आरशातून बघत होता. “काका,” तो शेवटी म्हणाला, “माझ्या मीटरवर भरवसा नाही का?”

राहिली टेलिमीटरची पट्टी. ही तोफखान्याची. तोफेचा जाळ दिसला की बटण दाबायचं, आवाज आला की पुन्हा, काटा अंतर सांगतो. डोंबिवलीत तोफ नाही, पण जून आहे. मृगाच्या पहिल्या संध्याकाळी मी गॅलरीत दबा धरून बसलो. वीज चमकली, दाबलं. आतून हाक आली, “अहो, कपडे!”

“थांब जरा!” मी बारा सेकंद श्वास रोखून धरला. गडगडाट. दाबलं. “चार किलोमीटर लांब आहे अजून!” मी विजयाने ओरडलो. शून्यावर आणलं. पुन्हा वीज, पुन्हा हाक, सहा सेकंद, दोन किलोमीटर. काय सुरेख चालत होतं मशीन! तिसऱ्या विजेला बटण दाबून मी काट्याकडे बघत असतानाच डायलच्या काचेवर पहिला टपोरा थेंब पडला.

दोरीवर दोन चादरी, हिच्या तीन साड्या आणि माझा लग्नाकार्याचा झब्बा होता.

ही काही बोलली नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नजर गेली. दुधाच्या खाड्यांच्या रांगेत, त्या दिवसाच्या चौकटीत लाल पेनाने नवी नोंद होती: ‘कपडे. लेट.’