माळा, मोरी आणि आओराकी

घर बरोबर घेऊन सुट्टीवर जायची कल्पना मुळात पदरी नोकर असलेल्या माणसाला सुचली, हे वाचून मला जरा बरं वाटलं. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर होते. ब्रिटिश आरमारात नोकरी करून निवृत्त झालेले आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. 1885 साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वॉन्डरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली. केवळ हौसेखातर बांधलेली ही पहिली घरगाडी, असं मानतात. डॉक्टरसाहेबांबरोबर घोडे हाकायला एक माणूस आणि हरकामाला दुसरा. हा दुसरा तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता कसा आहे ते बघून यायचा. डॉक्टर आत बसून निसर्गवर्णन लिहीत.

आमच्या गाडीत चार मोठी माणसं आणि साडेचार वर्षांची नात. तीनचाकी सायकल होती, पण ती नातीची. ती कुठे ठेवावी हा रोजचा प्रश्न होता, आणि उत्तर रोज वेगळं असायचं.

मुलगा-सून ऑकलंडला असतात. डिसेंबरअखेरीला तिकडे उन्हाळा आणि शाळांना लांब सुट्टी. दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅनने फिरायचं, असं त्यांनी आम्हाला न विचारता ठरवलं आणि विचारून सांगितलं. क्राइस्टचर्चला विमानातून उतरलो, गाडी ताब्यात घेतली. काउंटरवरच्या मुलीने बटणांचा फलक, झडपा, फ्यूज समजावून सांगायला सुरुवात केली, तशी मी आत चढून बघितलं आणि मला हसू फुटलं. पैसे मोजून मुलाने मला परत गिरगावातल्या चाळीत आणून सोडलं होतं.

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण वाढलो. इथेही तेच. दाराशी ओटा, त्यावर दोन शेगड्या. ओट्याखाली फडताळ. पलीकडे मोरी, फक्त तिला दार होतं आणि आत बसायचीही सोय होती, ही आमच्या चाळीपेक्षा मोठीच चैन. आमच्याकडे त्यासाठी टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकाशी रांग लावावी लागे. दिवसा जेवायचं टेबल, रात्री तेच खाली दाबून त्यावर गाद्या टाकल्या की पलंग. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर चक्क माळा! आमच्या माळ्यावर पितळेची पातेली आणि गणपतीचं मखर असायचं. या माळ्यावर गादी, छोटी खिडकी आणि पडू नये म्हणून जाळी. नात शिडीवरून वर गेली आणि तिने जाहीर केलं की हे तिचं घर आहे, आम्ही खाली राहू शकतो.

सूनबाई कोथरूडच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या. पहिल्या दिवशी त्यांचं कोपर फ्रिजला, गुडघा बाकाला आणि डोकं कपाटाला लागलं. त्यात त्यांचा दोष नाही. एका खोलीत वावरणं हे एक शास्त्र आहे आणि ते लहानपणीच अंगात मुरावं लागतं. एकाला उभं राहायचं असेल तर तिघांनी बसायचं. वस्तू घेतली की हातासरशी जागेवर. अंथरुणाची वळकटी झाल्याशिवाय चहा नाही. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, बघूनही न बघणं. आमच्या चाळीत नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की बाकीच्यांना एकदम गॅलरीत काम निघायचं. इथेही नकाशावरून मुलाची आणि सुनेची धुसफूस सुरू झाली की मी आणि आमचे हे बाहेर पडून मेंढ्या मोजायला लागायचो. मेंढ्यांची तिकडे कमतरता नाही. 1982 साली त्या देशात सात कोटी मेंढ्या होत्या, माणशी बावीस! आता अडीच कोटींच्या आत आल्यात म्हणे, पण धुसफूस संपेपर्यंत पुरतात.

गाडी चालू असताना मात्र चाळीचे नियम बंद. प्रत्येकाने पट्टा बांधून आपापल्या जागी बसायचं, सात वर्षांच्या आतल्या मुलाला त्याच्या खास खुर्चीत अडकवायचं, कायदाच आहे तसा. नातीला ही गोष्ट अजिबात पटली नव्हती. तिच्या मते घरात पट्टा कोण बांधतं? शिवाय माळा रिकामा जातोय. दर वळणाला कपाटातली ताटं खणखणायची आणि ती म्हणायची, ‘‘आजी, कोणीतरी स्वयंपाक करतंय.’’

घरात कोणाकडे काय काम, हे दोन दिवसांत आपोआप ठरलं. मुलगा सारथी, सूनबाई मार्गदर्शक, मी ओट्याशी. राहिले आमचे हे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म धरणं, कालवे आणि पाण्याच्या पाळ्या यांत गेला. गाडीखाली चांगल्या पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याची दुसरी टाकी असते, हे ऐकल्याबरोबर त्यांचे डोळे चमकले. त्यांनी मागच्या दाराला एक कागद चिकटवला : आवक, जावक, शिल्लक. माझी आंघोळ जरा लांबली की बाहेरून टकटक. ‘‘टेल-एंडच्या शेतकऱ्याचा विचार कर.’’ टेल-एंडचा शेतकरी म्हणजे सूनबाई, त्यांची पाळी माझ्यानंतर.

तिसरी टाकी होती, तिच्याकडे मात्र सगळ्यांनी काणाडोळा केला. न्यूझीलंडमध्ये गाडी उभी करून कुठेही रात्र काढायला 2011 पासून कायद्याचं बंधन आहे आणि 2023 मध्ये ते आणखी आवळलं. बहुतेक मोकळ्या जागी राहायचं तर गाडी प्रमाणित हवी, म्हणजे तिच्यात पक्का बसवलेला संडास हवा. देशाच्या नद्या-तलावांचा विचार करता कायदा अगदी रास्त आहे. पण त्याचा अर्थ असा, की जे काही साठतं ते आपल्याच बरोबर प्रवास करतं. बाहेरून एक झडप उघडून चाकं लावलेली पेटी ओढून काढायची, बॅग ओढावी तशी ठरावीक जागी न्यायची, रिकामी करायची, विसळायची, औषध घालायचं. या कामासाठी मुलाने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मेंढ्यांकडे बघितलं.

शेवटी हेच गेले. सोबत नात, तीनचाकीवर. डॉक्टर स्टेबल्सच्या माणसासारखी पुढे जाऊन रस्ता मोकळा करत, येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या मंडळींना मराठीत सांगत, ‘‘बाजूला व्हा, आबांची पेटी येतेय.’’ त्या दिवसापासून हा रोज सकाळचा सोहळाच झाला. पाटबंधारे खात्यात विसर्गाला फार मान असतो. ह्यांनी त्याच गांभीर्याने ती पेटी सांभाळली.

टेकापोच्या तळ्याकाठी पोचलो. हिमनद्या खडक दळतात, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं, त्याच्यावर ऊन पडलं की पाणी असं निळं-हिरवं दुधाळ दिसतं. काठावर 1935 सालचं दगडी चर्च, जवळच मेंढपाळांच्या कुत्र्याचा पुतळा. सगळे फोटो काढत होते. नात कुठे होती? गाडीत. मोरीतल्या नळाचं बटण दाबलं की टाकीखालचा पंप घुर्रर्र करतो आणि सोडलं की गप्प बसतो, हे तिला तिथेच कळलं होतं. पलीकडे दक्षिण आल्प्स उभे आणि ही घुर्रर्र, गप्प, घुर्रर्र, गप्प. पाण्याच्या नासाडीबद्दल आबा रागावले, तर म्हणते, ‘‘मी आवक बघतेय.’’

पण दुसऱ्या दिवशी तिने जो प्रश्न विचारला, त्याने मी थबकले. पुकाकी तळ्याच्या कडेने गाडी निघाली. समोर आओराकी, 3,724 मीटर, देशातला सगळ्यांत उंच डोंगर. पूर्वी याहून उंच होता. 1991 साली माथ्याचा मोठा कडाच कोसळला. आमच्या वाटेला नशिबाने तो ढगाबाहेर आला. माळ्यावरून उतरून खुर्चीत अडकवलेली नात खिडकीतून बघत होती. म्हणाली, ‘‘आजी, आज हा डोंगर आपल्याकडे आलाय का?’’

मग लक्षात आलं. आम्ही सगळे प्रवासाला निघालो होतो, ही नव्हती. तिचं घर जिथल्या तिथे होतं. तीच उशी, तोच माळा, तेच आबा. खिडकीबाहेर कोणीतरी रोज नवं चित्र लावत होतं. काल तळं आलं, आज डोंगर आला, उद्या काय येतंय बघू. आम्ही किलोमीटर मोजत होतो, पुलांवर कोणाला आधी जायचं त्या बाणांवरून घाबरत होतो (तिकडे गावाबाहेर एकपदरी पूल फार, निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण असेल तर आपण आधी, लाल वर्तुळ असेल तर थांबायचं), आणि ही आपली घरी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वास्तपुस्त करत होती. चाळीतल्या गॅलरीत बसून आम्ही तरी दुसरं काय करत होतो? ताबूत आले, लग्नाच्या वराती आल्या, कल्हईवाला आला. आम्ही कुठे गेलोच नाही, तरी सगळं बघितलं.

रात्रीची मात्र पंचाईत. टेकापो-आओराकीचा हा सगळा भाग 2012 पासून आंतरराष्ट्रीय दर्जाचं ‘अंधारं आकाश’ म्हणून राखलेला आहे, दिवेसुद्धा जपून लावतात. तारे बघायला लोक लांबून येतात. पण उन्हाळ्यात सूर्य मावळतो साडेनऊच्या सुमारास. पूर्ण काळोख व्हायला अकरा वाजून जातात. नातीला ‘‘झोप, रात्र झाली’’ म्हणायची सोय नाही. खिडकीतून लख्ख उजेड. ती युक्तिवाद करणार आणि तिचंच खरं असणार. पडदे ओढून, चिऊ-काऊची गोष्ट दोनदा सांगितल्यावर ती झोपली, तेव्हा आम्ही तिघे बाहेर पडलो. सूनबाई आतच झोपी गेल्या होत्या. वर मृग नक्षत्र उलटं! व्याध खाली असायचा तो वर चढून बसलेला. आणि त्रिशंकू मात्र ठळक, चांगला वर आलेला. आमच्याकडे तो उन्हाळ्यात दक्षिणेला क्षितिजालगत जेमतेम दिसतो. ‘‘त्रिशंकूला इथे बढती मिळालेली दिसते,’’ हे म्हणाले. थंडी अशी होती की विनोद पुरा व्हायच्या आत आम्ही आत.

ट्वायझल नावाच्या गावात ह्यांनी मुक्काम वाढवायला लावला. का, तर कालवे. वायटाकी नदीच्या खोऱ्यात तळ्यातून कालवा, कालव्यातून वीजघर, तिथून पुढचं तळं, असं तेच पाणी पुन्हा पुन्हा राबवून घेतात. पुकाकी तळ्याची पातळी तर बंधारे घालून दोनदा वाढवली. नात कालव्यातले सामन मासे बघत होती आणि हे उतार बघत होते. पण गाव मला फार आवडलं. 1968 मध्ये या प्रकल्पावरच्या कामगारांसाठी ते उभारलं. काम संपलं की मोडून टाकायचं, असंच ठरलेलं. काम संपत आलं तेव्हा रहिवासी म्हणाले, आम्ही जात नाही. भांडले, आणि 1980च्या दशकात गाव टिकवून घेतलं. ह्यांची अर्धी नोकरी धरणाच्या वसाहतींत गेली. तिथे आम्ही लावलेली शेवग्याची झाडं शेंगा धरायच्या आधी बदली यायची. ट्वायझलच्या एका साध्याशा घरासमोर गुलाबाची जुनी, जाड बुंध्याची झुडपं बघून हे बराच वेळ उभे होते. मी काही विचारलं नाही. बघून न बघण्याची सवय इथेही उपयोगी पडते.

स्वयंपाकाबद्दल थोडं. विमानतळावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करावा लागतो, नाहीतर जागेवर 400 डॉलर दंड. मी मेतकुटाची पुडीसुद्धा जाहीर केली होती. तेव्हा शिधा होता, पण गाडीच्या छताला धुराचा भोंगा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची पडली आणि भोंग्याने असा टाहो फोडला की शेजारच्या तंबूतली दोन जर्मन मुलं आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आली. त्यांना पोहे दिले. दुसऱ्या दिवशी फोडणीच्या वेळी ती नुसतीच आली, नळकांडं न घेता.

हास्ट खिंड ओलांडून पश्चिम किनाऱ्याला उतरलो, तिथे पाऊस, जंगल आणि सँडफ्लाय. माओरी कथेत सांगतात की मिलफर्डची खाडी इतकी देखणी झाली, की माणसं कामधाम सोडून तिथेच रेंगाळतील, या काळजीने मृत्यूच्या देवीने, हिने-नुई-ते-पोने, ही माशी सोडली. देवीने मोजमाप सढळ हाताने केलेलं दिसतं, पुऱ्या किनाऱ्याला पुरली आहे. 1773 मध्ये कॅप्टन कुकनेही तिच्याबद्दल गाऱ्हाणं लिहून ठेवलंय. आम्ही दारं लावून पत्ते खेळलो. नातीला पत्ते येत नाहीत, म्हणून तीच जिंकली. मला विचाराल तर सगळ्या सहलीतला हा उत्तम दिवस. सूनबाईंचं कोपरही त्या दिवशी कशाला लागलं नाही.

परतीला आर्थर्स पासवर किया भेटले. हे डोंगरी पोपट, हिरवे, धिटाईत कावळ्याचे काका. खायला घालू नका अशा पाट्या आहेत. ते देण्याची वाट बघत नाहीत. एकाने आमच्या खिडकीचं रबर सोलायला घेतलं. नात आतून काचेला नाक लावून बघत राहिली आणि मग रागावून म्हणाली, ‘‘हे आमचं घर आहे, बेल वाजवून ये.’’

क्राइस्टचर्चला गाडी परत करताना तपासणी झाली. चमचे मोजले, काचा बघितल्या, रबराकडे बघून त्या माणसाने नुसतं ‘‘किया’’ म्हटलं आणि पुढे गेला. मग त्याने ती मागची झडप उघडली, पेटी ओढली, वाकून बघितली आणि म्हणाला, इतकी स्वच्छ पेटी फार दिवसांत परत आली नाही. ह्यांनी कोट नीट केला. ‘‘हे लेखी मिळेल का?’’

मुलगा दुसरीकडे बघू लागला. पण त्या माणसाने हसून गाडीच्या पावतीवरच दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. तो कागद आता पुण्याला ह्यांच्या पेन्शनच्या फायलीत आहे, मुख्य अभियंत्यांच्या प्रशस्तिपत्राच्या वरती.