दाढ काढून गप्प बसणाऱ्या वेड्याची थोरवी

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खाचीही. त्या दोन्ही याद्यांत न बसणारा, अक्कलदाढ ठणकू लागताच डॉक्टर गाठणारा, विचारलं त्याचं खरं उत्तर देणारा, दाढ काढून झाल्यावर सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळणारा आणि मग घरी काहीही न करता बसून राहणारा माणूस सोलापुरात मात्र सरळ वेड्यात जमा होतो. या गावात दाढेवरचा उपाय ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागतो. नवी पेठेतल्या दुकानाच्या पायरीवर, सात रस्त्याला चहाच्या गाड्यापाशी, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाल सुजलेला दिसला की चार शहाणे जमतात आणि चौघांचे चार उपाय निघतात. ज्याला यातलं काहीच येत नाही, तो वेडा. त्याची थोरवी आजवर कुणी गायली नाही. ती मला मनापासून गावीशी वाटते.

त्याचा पहिला गुण म्हणजे भित्रेपणा. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, आणि तोवर जबड्यातली जागा बाकीच्या दातांनी अडवलेली असते. मग ती तिरकी येते, आडवी येते, अर्धी येऊन थांबते, कधी हाडातच राहते. ती कोणत्या कोनात अडकली आहे यावरून तिचे प्रकार लावण्याची पद्धत जॉर्ज विंटर यांनी १९२६ साली मांडली आणि दंतवैद्य आजही तीच वापरतात. पुढच्या दाढेवर रेलून अडकलेली खालची दाढ सर्वांत जास्त आढळते. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची झडप राहते, तिच्याखाली अन्न अडकतं, तिथं सूज येते, पू होतो, तोंड उघडेनासं होतं.

शहाणा माणूस याला भीत नाही. तो लवंग धरतो, मिश्री दाबतो, मेडिकलमधून ‘दाढेची गोळी’ मागून आणतो. कुणी तर गोळी गिळायच्या ऐवजी हिरडीवरच ठेवतो. ॲस्पिरिनची गोळी अशी ठेवली की तिथली त्वचा पांढरी पडून भाजते. वेड्याला एवढी हिंमत नसते. तो घाबरतो, आणि त्याची भीती रास्त आहे. खालच्या दाढांच्या मुळांचा जंतुसंसर्ग जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरू शकतो. सूज वाढत जाऊन श्वासाची वाट अडते. लुडविग या जर्मन वैद्यानं १८३६ साली या आजाराचं वर्णन केलं आणि आजही तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. दाढेच्या दुखण्यानं माणूस दगावू शकतो, हे शहाण्याला सांगून पटत नाही. वेड्याला सांगावंच लागत नाही.

दुसरा गुण अज्ञान. “वरची दाढ काढलास की डोळ्याची नस जाते बे,” हे सोलापुरात इतक्या ठिकाणी ऐकू येतं की आपणच चुकतोय असं वाटावं. दृष्टीची नस वेगळी, दातांची वेगळी. दाढ काढल्यानं नजर जात नाही. वेड्याला हे आधी माहीत नसतं, म्हणून तो खुर्चीवर बसण्याआधी डॉक्टरांनाच विचारतो, “डोळ्याला काही होणार नाही ना?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्या मागोमाग खरे प्रश्न येतात. ही दाढ काढायलाच हवी का? नाही काढली तर काय होईल? खालच्या दाढेच्या मुळाशी ओठाला संवेदना देणारी नस असते, ती किती जवळ आहे? त्यासाठीच आधी सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढतात. मुळं नसेला अगदी खेटून असतील तर ओठ किंवा हनुवटी बधिर राहण्याचा धोका असतो, आणि काही वेळा मुळं तशीच ठेवून दाढेचा फक्त वरचा भाग काढतात. त्रास न देणारी, निरोगी, अडकलेली दाढ उगाच काढू नये, असा सल्ला ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २००० साली दिला. तेव्हा ‘कशाला काढायची?’ हा प्रश्नही वेडगळ नाही. तो फक्त पंगतीत न विचारता दवाखान्यात विचारायला हवा.

तिसरा गुण खरं बोलणं, आणि सोलापुरात याची किंमत फार मोठी आहे. डॉक्टर विचारतात, शुगर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तंबाखू, मावा, गुटखा? शहाणा म्हणतो, “तसं काही नाही.” गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून तो खाल्ला तरी सांगायचा नाही, हा शहाणपणा आता रूढ झाला आहे. पण तोंड खोटं बोलत नाही. सुपारी आणि गुटख्यानं गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. निरोगी माणसाच्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात. या रोगात दोन, कधी एकच. शेवटची दाढ काढायला हात आत न्यायचा तर जागाच उरत नाही. शिवाय हे कॅन्सरच्या वाटेवरचं दुखणं आहे. जो वेडा पहिल्याच भेटीत “हो डॉक्टर, मावा खातो, रोज खातो” असं सांगतो, त्याच्या दाढेबरोबर त्याचं सगळं तोंडही तपासलं जातं. या कबुलीला मी सलाम करतो.

गेल्या थंडीत माझ्या भाच्यानं खालची दाढ काढली आणि या तिन्ही गुणांना जोडून चौथा दाखवला. तो गुण म्हणजे काहीही न करणं. मी त्याच्याबरोबर होतो. बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांनी त्याला आधीच सांगून ठेवलं, “दाब कळेल, आवाज येईल, दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर कर.” हिरडी उघडली, मशिनवर पाण्याची धार सोडत दाढेभोवतीचं थोडं हाड कोरलं, दाढेचे दोन तुकडे केले आणि एकेक करून बाहेर काढले. टाके घातले. कापसाची घट्ट घडी दाताखाली ठेवली आणि म्हणाले, “चावून धर. बोलू नको. थुंकू नको. लाळ गिळ.”

‘थुंकू नको’ हे सोलापूरकराला सांगणं सोपं, पाळणं अवघड. पण सगळी मेख तिथंच आहे. दाढ निघाल्यावर हाडात जो खड्डा राहतो, त्यात रक्ताची गुठळी बसते. ती गुठळी त्या हाडाचं पांघरूण असते. तिच्याच आधारानं खाली नवं पेशीजाल वाढतं, हिरडी काही आठवड्यांत मिटते आणि हाड पुढे काही महिन्यांत भरतं. थुंकलं, जोरानं चूळ भरली, स्ट्रॉनं शहाळं ओढलं, विडी-सिगारेटचा झुरका मारला की गुठळी सुटण्याची भीती. पहिले २४ तास चूळसुद्धा भरायची नाही. बाहेरून बर्फाचा शेक घ्यायचा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकंच खेळवून ते आपोआप गळू द्यायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. शरीर आपलं काम स्वतः करतं. माणसानं फक्त मध्ये यायचं नाही.

आणि भाच्यानं दिवस निवडला होता संक्रांतीच्या तोंडावरचा. सोलापुरात त्या आठवड्याचा अर्थ सांगायला नको. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, अक्षता, होम मैदानावरची गर्दी, आणि घरोघरी नेमके तेच पदार्थ जे उघड्या जखमेला चालत नाहीत. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिळगूळ, हुरडा, शेंगाची चटणी, कडक भाकरी. तिळाचा एक दाणा त्या खड्ड्यात जाऊन बसला तर तो काढायला परत खुर्चीवर. मित्र दारात आले. “गड्ड्याला येत नाहीस होय बे? आमच्या अण्णानं दाढ काढली त्याच दिवशी दुकान उघडलं होतं.” भाच्याला बोलता येत नव्हतं. त्यानं मोबाईलवर लिहून दाखवलं, “उद्या पण नाही.” त्याची आत्या तिळगूळ घेऊन आली, म्हणाली, “एक खडा तोंडात टाक, सणाला नाही म्हणू नये.” त्यानं तो हात पुढे करून घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. ज्या घरात पाहुण्याला नाही म्हणणं अपमान समजतात, तिथं एक तरुण मुलगा आपल्या जखमेसाठी सणाच्या दिवशी नाही म्हणतो, याहून मोठं धाडस मी त्या आठवड्यात पाहिलं नाही.

मऊ खाण्याची सोलापुरात टिंगल होते. कडक भाकरी कडाडकन मोडावी, शेंगाच्या चटणीवर तेल ओतावं, हा इथला बाणा. पण याच जिल्ह्यानं मऊ खाण्याचीही उत्तम सोय करून ठेवली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून गार केल्या की जबडा न हलवता पोट भरतं. ज्वारीची आंबील, मऊ भात, गार केलेली हुग्गी. बधिरपणा उतरेपर्यंत काहीच खायचं नाही, नाही तर गाल चावला गेल्याचं कळत नाही. पहिल्या दिवशी गरम नाही, तिखट तर पुढे बरेच दिवस नाही. भाच्याच्या आईनं कण्यांची वाटी समोर ठेवताना कुणालाही तोंडी लावणं म्हणून एक शब्द बोलू दिला नाही. घरातल्या एका माणसानं असं पाठीशी उभं राहणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

भाच्याच्या ओळखीतल्या एका शहाण्यानं त्याच सुमारास दाढ काढली होती. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून त्यानं तिसऱ्या दिवशी कडक भाकरी खाल्ली आणि वर सिगारेट ओढली. रात्री कानापर्यंत कळ गेली, गोळीला दाद देईना, तोंडाला वास यायला लागला. गुठळी निघून गेली होती आणि हाड उघडं पडलं होतं. या दुखण्याला दंतवैद्य ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. त्याचं पहिलं वर्णन क्रॉफर्ड यांनी १८९६ साली केलं. खालच्या अक्कलदाढेनंतर ते सर्वांत जास्त होतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांना अधिक. नियम पाळूनही ते होऊ शकतं, म्हणून त्यासाठी कुणाला दोष देऊ नये. पण टाळण्यासारखं असताना ते ओढवून घेऊही नये. त्या शहाण्याच्या खड्ड्यात डॉक्टरांनी जी औषधी पट्टी भरली, तिच्यात लवंगेच्या तेलातला युजेनॉल होता. म्हणजे लवंगेत गुण आहे, हे शहाण्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तो गुण किती, कुठं आणि कधी वापरायचा, हे मात्र त्या खुर्चीपाशीच कळतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही स्तुती प्रामाणिक होणार नाही. काहीही न करणं सगळ्यांना परवडत नाही. विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईनं हात थांबवले की त्या दिवसाची भाकरी थांबते. यंत्रमागावरच्या माणसाचंही तसंच. ते दुसऱ्या दिवशी कामावर जातात, ते शहाणे असतात म्हणून नव्हे. त्यांना वेडं होण्याची मुभाच नसते. सिव्हिलमध्ये, केगावच्या दंत महाविद्यालयात दाढ निघू शकते. पण नंतरची विश्रांती कोणत्याही केसपेपरवर लिहून मिळत नाही. ज्यांच्या हाताखाली माणसं राबतात, त्यांनी दाढ काढून आलेल्याला दोन-तीन दिवस भरपगारी घरी बसवावं, घरातल्यांनी त्याच्या वाटचं काम वाटून घ्यावं. बरं होण्याचा वेडेपणा गरिबालाही करता आला पाहिजे.

आणि या वेड्याचा शेवटचा गुण असा की तो गप्प बसतो, पण नको तिथं गप्प बसत नाही. घडी चावून धरूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप आला असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, ओठाची बधिरता दुसऱ्या दिवशीही गेली नसेल, तर शहाणे म्हणतील, “दाढ काढल्यावर एवढं होतंच.” तुम्ही त्यांचं ऐकू नका. रात्र असो, सण असो, डॉक्टरांना उगाच त्रास होईल असं वाटत असो. वेड्यासारखं उठा आणि जा.