प्रामाणिकपणा, अर्धा किलो

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी डोंबिवलीत फडके रोडवरच्या एका एटीएममध्ये पैसे काढायला शिरलो, तर मशीनच्या फटीत आधीच कुणाचं तरी कार्ड बसलेलं. पडद्यावर प्रश्न होता, ‘आणखी व्यवहार करायचा आहे का?’ मी ‘नाही’ दाबलं आणि कार्ड ओढून घेतलं. त्या दिवसातली माझी ही एकमेव बिनचूक कृती.

बाहेर डोकावलो. रस्त्यावर साखरेच्या गाठ्या, झेंडू आणि माणसं, आणि त्यातला कुणीही कार्ड हरवल्यासारखा दिसत नव्हता. कार्डावर नावही नव्हतं. खातं उघडताना हातोहात देतात त्यातलं. पाठीमागे मात्र ग्राहक सेवेचा नंबर होता. लावला. बाई म्हणाल्या, मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. मग चार, मग एक, मग सनई. अखेर एक मुलगा आला. त्याने कार्डाचा नंबर विचारला. गर्दीत त्याला ऐकू येईना, म्हणून मी एटीएमच्या पायरीवर उभा राहून सोळाच्या सोळा आकडे खणखणीत आवाजात वाचले. ओघात मुदत संपण्याची तारीखही वाचली आणि मागचे तीन आकडेही. ते त्याने मागितलेच नव्हते. रांगेतली मंडळी फार आदराने ऐकत होती. एवढ्यात फोन कटला.

मग बँकेत जायचं ठरवलं. शाखा दोन गल्ल्या सोडून. माझंही खातं तिथेच. पैसे काढायचे राहिले ते राहिलेच. कार्ड हरवू नये म्हणून पाकिटात, माझ्या कार्डाला चिकटून ठेवलं. माझंही निळं, तेही निळं. माझ्यावरही नाव नाही.

काउंटरवरच्या मुलीसमोर मी पाकीट उघडलं. घोटाळा नको म्हणून एटीएममध्ये पाठ केलेले पहिले सहा आकडे एका कार्डाशी ताडून पाहिले, जुळले, ते पुढे केलं. हे सहा आकडे कार्ड कुठल्या बँकेचं ते सांगतात, त्यामुळे त्या बँकेच्या एकाच जातीच्या सगळ्या कार्डांवर तेच असतात, हे मला संध्याकाळी माझ्या मुलीने समजावलं.

“काका, तुमचं आहे का?”

“छे, सापडलंय.” हे मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

तिने नंबर टाकला, कार्ड कायमचं ब्लॉक केलं आणि कात्री काढली. आधी काळी पट्टी कापली, मग सोनेरी चिपच्या बरोबर मधून एक काप. चिप अखंड राहिली तर कापण्याला अर्थ नाही, असं तिने सांगितलं. मी मान डोलावत माझ्या कार्डाचे अंत्यसंस्कार पाहिले. तेवढ्यात खिशात फोन टिंगला. बँकेचा मेसेज होता. बँकेच्या नावाने येणारा एकही मेसेज उघडायचा नाही, हा माझा नियम आहे. हल्ली फसवणूक किती वाढली आहे!

परतताना डेअरीत अर्धा किलो श्रीखंड घेतलं. दोनदा भलत्याच माणसाला पैसे पाठवल्यापासून यूपीआयला आमचा राम राम. दुकानदाराने मशीन पुढे केलं, मी कार्ड टेकवलं, टुक वाजलं. पाच हजारांपर्यंत नुसतं टेकवून, पिनशिवाय पैसे जातात. रिझर्व्ह बँकेने २०२१च्या १ जानेवारीपासून ही मर्यादा दोन हजारांवरून वाढवली, बहुधा माझ्यासारख्यांचा विचार न करता.

संध्याकाळी डेअरीतून फोन आला. “साहेब, जरा येता का? इथे एक मावशी बसल्यात.”

निघता निघता वकील मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, “भारतीय न्याय संहिता, कलम ३१४. सापडलेली वस्तू परत द्यायला उचलली तर गुन्हा नाही. पण तू तर त्यावर श्रीखंड घेतलंस.”

“अरे, चुकून!”

“मग ठीक. बेइमानीचा हेतू लागतो. तो नव्हता, हे तुझ्या चेहऱ्याकडे बघून कोणीही सांगेल.”

मावशी बाकावर ताठ बसल्या होत्या, मोबाइल हातात. दोनशे वीस रुपये गेल्याचा मेसेज, त्यात दुकानाचं नाव; त्या थेट दुकानात. तोवर कार्ड घरातच कुठेतरी आहे, या समजुतीत होत्या. मी कार्ड दिलं आणि पायरीपासून कात्रीपर्यंत सगळी हकीकत सांगितली.

“आकडे मोठ्याने वाचलेत? मागचे तीनसुद्धा?”

“स्पष्ट ऐकू जावेत म्हणून.”

त्यांनी चष्मा वर सरकवला, बँकेचं ॲप उघडलं, दोन ठिकाणी बोट लावलं आणि कार्ड ब्लॉक केलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. मी सकाळी अकरापासून त्याच कामात होतो.

आता दोनशे वीस रुपये परत करायचे. पाकिटात तीस होते. कार्ड बँकेच्या कचऱ्याच्या डब्यात, उद्या पाडव्याची सुट्टी. दुकानदाराने माझ्याकडे न बघता गल्ला उघडला, मावशींना पैसे दिले आणि उधारीच्या वहीत माझं नाव लिहिलं.

मावशींनी नोटा मोजल्या आणि त्याच्याकडेच परत सरकवल्या.

“अर्धा किलो द्या. ह्यांनी नेलं तेच, चांगलं असेल तर.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. चांगलं होतं. मी तसं सांगितलं.