मे सॉटचा पत्ता लपवणाऱ्या एजंटाला

परदेशात इंटर्नशिप लावून देतो म्हणणाऱ्या माणसा,

'सप्रेम नमस्कार' लिहायला हात धजत नाही, आणि 'साहेब' तर मुळीच नाही. माझा भाचा तुम्हाला 'सर' म्हणायचा. माझी ताई तुमचं नाव काढताना पदर सावरायची. तेवढा मान तुम्ही आमच्या घरातून घेतलात. आता हे पत्रही घ्या, आणि चारचौघांत घ्या, म्हणून ते खुलं लिहितो आहे.

धुळ्याच्या देवपुरातल्या तुमच्या त्या वातानुकूलित खोलीत मी एकदाच आलो होतो. भिंतीवर तीन घड्याळं होती: लंडन, न्यूयॉर्क, बँकॉक. टेबलावर छोटा पृथ्वीगोल होता. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे माझी नजर आधी गोलाकडेच गेली. तो तुम्ही कधी फिरवून पाहिला होतात का, हे मला त्या दिवशीच विचारायला हवं होतं.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताई-दाजींची शेती शिंदखेडा तालुक्यात, कोरडवाहू. त्या घरातून आजवर कोणी विमानात बसलेलं नाही. तुम्ही त्याला 'बँकॉकची सॉफ्टवेअर कंपनी, सहा महिने, महिना आठशे डॉलर, राहणं-जेवण फुकट' असं सांगितलंत आणि घर हललं. कापसाचे ऐंशी हजार आले होते ते तुमच्याकडे आले. उरलेल्या एक लाखासाठी ताईची पोत पतसंस्थेत तारण गेली. एक लाख ऐंशी हजार, सगळे रोख. पावती मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, 'विश्वास नाही का?' विश्वास होता, म्हणून तर दाजी गप्प बसले.

पुढच्या दोन महिन्यांत आमच्या घरात काय चाललं होतं ते तुम्हाला कळायला हवं. पोरगा रात्री व्हिडिओ बघून थाई शिकायचा. मला पाहिलं की हात जोडून 'सवादी क्रप' म्हणायचा. एक बाट म्हणजे किती रुपये, तिथे कोणत्या महिन्यात किती पाऊस पडतो, देवळात जाताना काय घालायचं, राजाच्या चित्रासमोर कसं वागायचं, सगळं त्याने वहीत उतरवलं होतं. अनोळखी देशात आपल्यामुळे कोणाचा अपमान होऊ नये, एवढी त्याची काळजी. ताईने बिबडे तळून डब्यात भरले, काळा मसाला तीन पिशव्यांत बांधला, आणि तुम्ही दिलेलं ते ऑफर लेटर घेऊन ती एकवीरेच्या देवळात जाऊन आली. वाटेत भेटेल त्या बाईला सांगायची, 'मना पोऱ्या फारेनले जाई ऱ्हायना.' तुमचा कागद एका आईने देवीपुढे ठेवला होता, हे मी मुद्दाम लिहितो.

मग एका रविवारी तो बॅगेत काय काय भरायचं याची यादी दाखवायला आला, आणि त्याच्या फाइलमध्ये मला तिकिटाबरोबरचा तो कागद दिसला. बँकॉकला उतरायचं, गाडी न्यायला येईल, मुक्काम मे सॉट. पोराने विचारलं, 'मामा, हे बँकॉकचं उपनगर असेल ना?' मी नकाशा उघडला. मे सॉट बँकॉकपासून सुमारे पाचशे किलोमीटर वायव्येला आहे, इथून मुंबई आहे त्याच्या जवळजवळ दीडपट लांब. टाक प्रांतातलं ते सीमेवरचं गाव. तिथे मोई नावाची नदी वाहते आणि नदीच्या पलीकडे म्यानमारचं म्यावाडी आहे.

नदीच्या अलीकडे-पलीकडे म्हणजे काय, हे देवपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या आणि जुन्या धुळ्याच्या मध्ये पांझरा आहे. आम्ही पूल ओलांडतो आणि दहा मिनिटांत बाजारात असतो. मोई ओलांडली की माणूस परत येईल याची हमी कोणी देत नाही. त्या नदीवर दोन मैत्री पूल आहेत, पण तुमच्यासारख्यांनी पाठवलेल्या पोरांना पुलावरून नेत नाहीत, कारण पुलावर पासपोर्ट तपासतात. त्यांना होडीत बसवून चोरवाटेने नेतात.

पलीकडे काय आहे ते आता साऱ्या जगाला ठाऊक आहे. कुंपण घातलेल्या वसाहती, बंदूकधारी पहारे, आणि आत संगणकांच्या रांगा. तिथे नेलेल्या तरुणांना परक्यांशी प्रेमाच्या गप्पा मारून, खोट्या गुंतवणुकीचं आमिष दाखवून लुटायला लावतात. नकार दिला तर मारहाण, विजेचे झटके, उपासमार, आणि सुटायचं असेल तर घरून खंडणी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितलं होतं की एकट्या म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार लोक अशा कामाला जुंपलेले असावेत. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाची विमानं मे सॉटला उतरली आणि दोन दिवसांत ५४९ भारतीयांना घेऊन आली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने साठहून अधिक जणांची सुटका केल्याचं जाहीर केलं आणि त्यांना पाठवणाऱ्या काही जणांना अटक केली. त्यांतल्या अनेकांना 'थायलंडमध्ये चांगलं काम' असंच सांगितलं होतं. त्यांच्या हातातही तुमच्यासारख्याच एखाद्या माणसाने तिकीट ठेवलं होतं.

मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'कंपनीची शाखा आहे तिथे, मला पलीकडचं काही माहीत नाही.' माहीत असून पाठवत होतात, तर तुम्ही माणसं विकता. माहीत नसताना पाठवत होतात, तर एका आईची पोत गहाण टाकायला लावून तुम्ही तिच्या मुलाला कुठे सोडतो आहोत हे पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. यातलं कोणतं उत्तर तुम्हाला कमी लाजिरवाणं वाटतं?

कायद्याचं विचारलं तर तुमचं उत्तर तयार होतं: 'इंटर्नशिप म्हणजे नोकरी नाही, मग लायसन कशाला?' पैसे घेताना मात्र तुम्ही दाजींना 'नोकरी पक्की' म्हणाला होतात. ज्या शब्दाने पैसे मिळतात तो शब्द घरात, ज्या शब्दाने कायदा टळतो तो शब्द फोनवर. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परदेशी कामासाठी माणसं भरती करता येत नाहीत. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. मी ती तीन वेळा पाहिली. तुम्ही त्यात नाही.

तुमच्या कागदात आणखी एक अट होती: पोहोचल्यावर पासपोर्ट कंपनीकडे जमा करावा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. तो मागून घेण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही. ज्याच्या हातातून पासपोर्ट गेला तो परक्या देशात कोणाच्या दारात उभा राहील?

आणि आता ज्याचा मला सर्वांत जास्त राग आहे ते. तुम्ही त्या पोराला खोटं बोलायला शिकवलंत. भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय जायची सवलत मिळाली ती मुख्यतः फिरायला; तिची मुदत जुलै २०२४ मध्ये साठ दिवसांची झाली. त्या सवलतीवर तिथे सहा महिन्यांची नोकरी करता येत नाही, शिकाऊ म्हणूनही नाही. ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही त्याला पढवलंत: 'मुंबईच्या विमानतळावर विचारलं तर मित्रांबरोबर फिरायला चाललो म्हण. ऑफर लेटर मोबाइलमधून काढून टाक. परतीचं तिकीट दाखव.' त्या काउंटरपलीकडचा आपला अधिकारी हा त्याला वाचवू शकणारा शेवटचा माणूस होता. त्याच्याच तोंडावर या पोराने खोटं बोलावं आणि स्वतःच्या हाताने शेवटचं दार लावून घ्यावं, अशी तुमची योजना होती. ज्या मुलाने देवळात चप्पल कुठे काढायची हेसुद्धा वहीत लिहून ठेवलं, त्याला तुम्ही हे शिकवलंत.

खऱ्या इंटर्नशिपा असतात, आणि त्या लपूनछपून होत नाहीत. जर्मनीच्या डाड संस्थेची वाइज ही योजना भारतीय विद्यार्थ्यांना तिथल्या प्रयोगशाळेत काम करायला नेते. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक बारा आठवड्यांसाठी तिथल्या प्राध्यापकाच्या हाताखाली नेते. जागा थोड्या आहेत, निवड कडक आहे, सगळ्याच कॉलेजांच्या मुलांना दार उघडं नाही. पण तिथे विद्यार्थ्याला पैसे मिळतात, तो एजंटाला पैसे देत नाही. कोणाच्या हाताखाली, कोणतं काम, किती आठवडे, हे आधी लिहून येतं आणि व्हिसा त्याच कामाचा असतो. तुमच्या ऑफर लेटरवर मार्गदर्शकाचं नाव नव्हतं, कामाचं वर्णन एका ओळीचं होतं आणि कंपनीचा पत्ता म्हणून फुकटातला ई-मेल होता. हे आम्ही का विचारलं नाही? कारण इंग्रजी कागद समोर आला की आमच्याकडचा बाप मान हलवतो. समजलं नाही म्हणायची त्याला लाज वाटते. तुम्ही त्या लाजेवर धंदा उभारलात. बँकॉक आम्हाला अनोळखी होतं, हेच तुमचं भांडवल.

भाच्याचं जाणं आम्ही थांबवलं. तो आता घराबाहेर फारसा पडत नाही. परवा म्हणाला, 'मामा, मी एवढा शिकलो आणि मला नकाशा बघायचंही सुचलं नाही.' मी त्याला सांगितलं की चूक त्याची नाही. ताई एवढंच म्हणाली, 'पैसा गया ते जाऊ द्या, पोऱ्या घर शे.' ती तसं म्हणू शकते, ती आई आहे. मी तसं म्हणणार नाही. ती पोत तिच्या आईची, म्हणजे माझ्याही आईची होती.

पोलिसांकडे तक्रार दिली आहे. तुमचे संदेश, ते ऑफर लेटर, पैसे दिल्याच्या तारखा आणि पैसे मोजताना हजर असलेल्या दोन माणसांची नावं सोबत जोडली आहेत. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माणसांच्या तस्करीला किमान सात आणि दहा वर्षांपर्यंत आहे. यातलं कोणतं कलम लावायचं ते तपास करणारे ठरवतील. तुमच्या खोलीला कुलूप आहे आणि तुमचा फोन बंद आहे, हेही त्या अर्जात लिहिलं आहे.

तुमच्याशी बोलणं इथे संपलं. पुढचं धुळे-जळगावकडच्या आईबापांसाठी आहे.

या माणसाने केलेल्या व्हॉट्सअॅप गटात भाच्यासह अकरा मुलं होती. सहा जणांशी आमचं बोलणं झालं, त्यांनी जाणं रद्द केलं. चार जण फोन उचलत नाहीत. त्यांची गावं आम्हाला माहीत नाहीत, गटात फक्त टोपणनावं आहेत. तुमच्या मुलाच्या कागदांवर मे सॉट हा शब्द असेल, तर त्याला विमानात बसू देऊ नका. तो आधीच गेला असेल, तर बँकॉकच्या भारतीय दूतावासाला आणि इथल्या पोलीस ठाण्याला आजच कळवा.