चुलती, पुतण्या आणि माहुलीचा घाट

वहिनी, तो नळ जरा बंद करा, म्हणजे ऐकू येईल. भाचीच्या साखरपुड्याला सातारला गेलो होतो ना, निघताना ह्यांना म्हटलं, कंदी पेढे घेऊन सरळ चिंचवड गाठायचं नाही, मला संगम माहुली बघायची आहे. गावापासून पाचेक किलोमीटर, रेल्वे स्टेशनच्या बाजूला. कृष्णा आणि वेण्णा तिथं भेटतात. हे म्हणाले, "देवळंच ना? मोरया गोसावी घरापासून चार पावलांवर आहेत, तिथं जातेस का कधी?" पण गाडी वळवली.

देवळं छानच आहेत हो. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेलं, १७३५च्या सुमाराचं. खाली काळा दगड, वर विटा-चुन्याचं शिखर आणि पायऱ्या थेट नदीत. पलीकडच्या काठाला क्षेत्र माहुली. आपले रामशास्त्री प्रभुणे तिथलेच. पण मी गेले होते समाध्या बघायला. सातारच्या राजघराण्याची माणसं तिथं नदीकाठी आहेत. आणि त्या घराण्यात जे झालं ना, ते ऐकलंत तर आपल्या सोसायटीची भांडणं तुम्हाला पाणी वाटतील.

"ताराराणीचं म्हणताय?"

तेच. सासरे रायगडावर, थोरले दीर वढूला, नवरा सिंहगडावर, तीन समाध्या तीन ठिकाणी. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले तेव्हा ही पंचविशीतली. पोटचं पोर गादीवर बसवलं आणि सात वर्षं औरंगजेबाशी झुंजली. म्हातारा हात चोळत मेला, १७०७ मध्ये. आता कुठं श्वास घ्यायचा, तर मोगलांच्या कैदेतून पुतण्या सुटून आला, शाहू. लहानपणी पकडला गेलेला, अठरा वर्षांनी परत. चुलती काय म्हणाली असेल? म्हणे, हा शाहूच नव्हे, तोतया आहे!

मग लढाई. कुठं झाली माहितेय? खेडला, म्हणजे आपलं राजगुरुनगर. तुमचा मुलगा रोज कंपनीच्या बसनं चाकणला उतरतो ना, तिथून थोडं पुढं. धनाजी जाधव निघाले चुलतीकडून आणि ऐन वेळी मिळाले पुतण्याला. झालं, सातारा गेलं हातचं. पुढं कोल्हापूरला सवतीनं, राजसबाईनं, १७१४ मध्ये हिलाच मुलासकट कोंडलं.

"बाई गं! मग?"

मग काय, शेवटी ज्याला तोतया म्हटलं त्या शाहू महाराजांनीच तिला सातारला आणून मानानं ठेवलं. मला तर त्यांचाच स्वभाव मोठा वाटतो. एवढं कोण करतं हो? आपल्याकडं पार्किंगवरून बोलणं बंद होतं. पण शाहूंना मुलगा राहिला नाही. तेव्हा ही म्हणाली, माझा नातू आहे, जिवाला धोका म्हणून लपवून वाढवलाय. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज गेले. राणी सकवारबाई सती गेल्या. गेल्या की पाठवल्या, ते लोक अजून बोलतात. नातू रामराजा गादीवर आला. आता आजीला वाटलं, तो आपलं ऐकेल आणि पेशव्याला घालवेल. तो काही ऐकेना. वर्षाच्या आत अजिंक्यताऱ्यावर बोलावला आणि टाकला कैदेत! आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली, की हा माझा नातूच नव्हे.

"म्हणजे तोही तोतया?"

तोही! आधी पुतण्या, मग नातू. खरं काय ते खंडोबालाच ठाऊक. रामराजा बिचारा पुढंही नावाचाच राजा राहिला, कारभार सगळा पुण्यात. आणि ही १७६१पर्यंत जगली. जानेवारीत पानिपत झालं, डिसेंबरात ही गेली, शहाऐंशीची होऊन. माझं विचाराल तर हट्टी होती, कारस्थानीही होती, पण ती सात वर्षं कुणी पुसू शकत नाही.

आणि आता गंमत बघा. ज्यांनी एकमेकांवर फौजा घातल्या, ते चुलती-पुतणे दोघंही त्याच नदीकाठी आहेत. येसूबाईही तिथंच, शाहूंच्या आई. मोगलांच्या कैदेतून त्या सुटल्या १७१९ मध्ये, लेकाच्याही बारा वर्षांनी. आपल्याकडं पवनेचं पाणी मोरयाच्या देवळात शिरतं ना, तशीच तिथं कृष्णा समाध्यांवरून जाते. गाळ, वाळू, झुडपं. ताराराणीचा चौथरा तर नीट विचारत विचारत शोधावा लागला. मुलं पोहायला येतात, त्यांना एवढं ठाऊक, की इथं कुत्र्याची समाधी आहे. खंड्या, शाहू महाराजांचा. शिकारीत वाघापासून वाचवलं म्हणून त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. कुत्र्याचं नाव पोराटोरांच्या तोंडी आहे याचा मला आनंदच आहे. पण औरंगजेबाशी लढलेल्या बाईच्या दगडाशेजारी एक धड पाटी नको?

तुम्ही महाबळेश्वरला निघालायत ना? वाईवरून गेलात तर माहुली राहून जाईल. येताना मेढ्यावरून सातारला उतरा आणि कोरेगावचा रस्ता धरा, अर्धा-पाऊण तास पुरतो. पावसाळ्यात मात्र नको, काही दिसत नाही. दिवाळीनंतर पाणी उतरलं की जा. आणि देवळातल्या गुरवांना विचारायला लाजू नका, समाध्या तेच दाखवतात.